मौजे मजकूर

माझ्या लिखाणावर बावीस वर्षं कोणी बोट ठेवलं नव्हतं. पुढे ठेवलं ते देवमन तायडेने, आणि त्याने खरोखरीचं बोट ठेवलं, शाईने निळं झालेलं. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणजे माझीच फजिती लिहायची, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तो स्वतःबद्दल चार ओळीसुद्धा लिहिणार नाही आणि दुसरे कोणी लिहितील ते काहीच्या बाही लिहितील, म्हणून मीच बसलो आहे.

मी भगवंत गावंडे, अकोल्याचा अर्जनवीस. कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली आम्ही सातजण ओळीने बसायचो. ज्याला लिहिता येत नाही, किंवा येतं पण कायद्याच्या भाषेत येत नाही, त्याचं खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र आम्ही लिहायचं आणि त्याने ते समोरच्या रजिस्ट्री ऑफिसात नेऊन नोंदवायचं, असा तो धंदा. ओळीतली पहिली जागा माझी. माझं अक्षर असं, की साहेब लोक चष्मा न लावता वाचत. ही बढाई आत्ताच मारून घेतो, पुढे संधी मिळणार नाही.

देवमन १९५७ साली ऑफिसात नक्कल करायला लागला. नोंदवलेला प्रत्येक दस्त मोठ्या बुकात हाताने जसाच्या तसा उतरवून ठेवायचा, हे त्याचं काम. मॅट्रिक पास, अंगाने बारीक, पांढरा सदरा रोज धुतलेला. आदल्याच वर्षी त्याचं सगळं घर बौद्ध झालं होतं. आमच्या ओळीला त्याचं नाव माहीत होतं, तरी सगळे त्याला ‘तो नक्कलवाला’ म्हणत. मीही म्हणत असे. त्याच्या हातून कागद घेताना काहीजण फक्त टोक धरत. मी टोक धरत नव्हतो, पण धरणाऱ्याला कधी काही बोललोही नाही. आज त्याची लाज वाटते.

त्याला आमच्या ओळीत बसायचं होतं. परवान्यासाठी त्याने १९५९ साली रीतसर अर्ज केला. रजिस्ट्रीच्या साहेबांनी तो माझ्याकडे अभिप्रायाला पाठवला, ओळीतला जुना माणूस म्हणून. मी वाचला, घडी केली आणि पेटीत ठेवून दिला. हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. महिन्यांमागून महिने तो कागद माझ्या पेटीत पडून होता, आणि देवमनने एकदाही विचारलं नाही. त्याचं ते न विचारणंच मला जास्त खुपायचं.

नक्कल करणारा माणूस खरं तर वाचत नसतो. डोळ्याने उचलायचं आणि हाताने ठेवायचं, मधे डोकं नसलं तरी भागतं. देवमनचं डोकं मधे यायचं, ही त्याची खोड. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो झाडाखाली आला.

“भगवंतजी, एक इचारू काय?”

“इचार.”

“दस्तात तुमी ‘सदर’ लिवता. ‘मजकूर’ लिवता. म्हंजे वर सांगतलेला. बराबर?”

“बराबर.”

“अन् वर सांगतलाच नसन त?”

“त खाली सांगतला असन,” मी म्हणालो, आणि सगळी ओळ खो खो हसली.

तो हसला नाही. म्हणाला, “खाली असन त ‘खाली’ म्हना ना. बिचारा वाचनारा कायले वर पायत बसन?” आणि निघून गेला.

पंधरा दिवसांनी त्याने एक फुलस्केप कागद आणला. वर लिहिलं होतं, ‘दस्त वाचण्याचा पडताळा’. खाली एकच वाक्य होतं. ज्याचे नाव आधी घेतलेले नाही त्यास सदर, सदरहू, मजकूर, उपरोक्त म्हणू नये. त्या महिन्यात उतरवलेल्या एक्केचाळीस दस्तांना त्याने हा नियम लावून पाहिला होता. अडतीस दस्त नापास झाले होते.

“देवमन,” मी म्हटलं, “अडतीस दस्त चुकीचे असन, त अख्ख्या जिल्ह्यात कोनाचंच वावर कोनाचं नाई. जे चाळनीत सारंच अडकते, ते चाळनी काय कामाची?”

मला वाटलं, खोड जिरली. दुसरा असता तर कागद फाडून मोकळा झाला असता. हा गडी मात्र त्याच संध्याकाळी अडतीस दस्तांची टिपणं घेऊन घरी गेला आणि बायकोला वाचून दाखवायला बसला. शालू चौथी शिकलेली होती. ती भाकरी थापता थापता ऐके, आणि जिथे गडबडे तिथे “कोन?” किंवा “कोनतं?” म्हणे. तिने विचारलं की देवमन तिथे खूण करी. अडतीस दस्त संपायला आठवडा लागला. शालू जेमतेम चार-पाच ठिकाणी अडली. बाकी सगळीकडे नियम मोडला होता, पण तिला सगळं समजलं होतं.

मग त्याने तिलाच विचारलं, की इथे अडली आणि तिथे का नाही अडली? ती म्हणाली, “एकच गाव असन, त नाव मांगून आलं तरी चालते. दोन गावं आले का मी फसतो. जे गाव आत्ताच आयकलं तेच धरून बसतो.” हे देवमनने मला सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला आहे. आमच्यापैकी एकानेही आपला दस्त बायकोला वाचून दाखवला नव्हता.

त्याने पडताळा पुन्हा लिहिला. ‘खाली’ असं स्पष्ट म्हटलं असेल तर हरकत नाही. ‘सदर दस्त’ म्हटलं तर हरकत नाही, कारण दस्त हातातच आहे. एक्केचाळिसांपैकी नऊ अडकले. पुन्हा लिहिला. शेवटी जो कागद तयार झाला तो मला आजही पाठ आहे.

‘दस्तात सदर किंवा मजकूर असा शब्द आला, की त्यावर बोट ठेवून वर जावे. शब्द गावासाठी असेल तर वर जाताना जे पहिले गाव लागेल तेच म्हणायचे आहे काय, ते पाहावे. माणसासाठी असेल तर पहिला माणूस पाहावा. तेच नसेल तर शब्द काढून नाव लिहावे. बोटाने फक्त दाखवावे. दुरुस्ती ज्याचा दस्त त्याने करावी.’

आता एक्केचाळिसांपैकी दोनच अडकले, आणि दोन्हींत खरोखर घोळ होता. एकात तर दोन सख्ख्या चुलत भावांची अदलाबदल झाली होती. पक्षकारांना बोलावून दोन्ही दस्त दुरुस्त झाले. साहेबांनी पडताळा ऑफिसच्या भिंतीवर लावायला सांगितलं. त्या दोनांत माझा एकही नव्हता, त्यामुळे मी मोठ्या मनाने म्हणालो, “बरं लिवलं पोट्ट्यानं.” मोठं मन दाखवायला तेव्हा मला काहीच खर्च येत नव्हता.

१९६१ च्या जानेवारीत, ओळीतले सगळे चहाला गेले असताना देवमन काखेत बुक घेऊन आला. ऑफिसचं बुक बाहेर आणायची परवानगी नव्हती. त्याने ते आणलं, तेव्हाच मला समजलं की काहीतरी बिनसलं आहे.

“रिकाम्या वेळात जुने बुकं पायून राहिलो होतो,” तो म्हणाला. “हा १९५८ चा दस्त. लिवला तुमी, नक्कल माही. तवा माह्याही ध्यानात नाई आलं.”

ते नत्थुजी ढोरे यांचं बक्षीसपत्र होतं. त्यांनी आपल्या मुलीला, मैनाबाईला चार एकर शेत दिलं होतं. देवमनने ‘मौजे मजकूर येथील सर्वे नंबर ३७ पैकी पूर्वेकडील चार एकर’ या ओळीवर बोट ठेवलं.

“वावर कोनत्या गावचं?”

“हिंगण्याचं,” मी म्हणालो. नत्थुजींचं हिंगण्याचं वावर कोणाला माहीत नव्हतं?

त्याचं बोट वर सरकलं. एक ओळ, दोन ओळी, तीन. थांबलं ते ‘मैनाबाई बेवा शालिकराम, राहणार मौजे वडगाव’ इथे. वडगाव म्हणजे मैनाबाईचं सासर. त्याच्या वर हिंगण्याचं नाव कुठेच नव्हतं. ते खाली होतं, सात ओळींनंतर, चतुःसीमेत, ‘दक्षिणेस हिंगण्याची पांदण’ असं ओझरतं.

“वडगावचाही सदतीस नंबर पायला म्या,” देवमन हळूच म्हणाला. “सरकारी गायरान हाय.”

म्हणजे माझ्या मोत्यासारख्या अक्षरात नत्थुजींनी आपल्या विधवा लेकीला सरकारचं गायरान बक्षीस दिलं होतं. दुसऱ्या कोणाचा दस्त असता, तर हसून माझं पोट दुखलं असतं.

चूक झाली कशी, ते मला तिथल्या तिथे समजलं. पूर्वी आम्ही दस्तात देणाऱ्याचं नाव आधी लिहायचो, गावासकट. पुढे वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, आणि वकील मंडळींकडे नव्या तऱ्हेचे नमुने यायला लागले. त्यांत ‘लिहून घेणार’ आधी आणि ‘लिहून देणार’ नंतर. मलाही नव्या तऱ्हेची हौस आली. जुन्या मसुद्यातला घेणाऱ्याचा भाग उचलून मी वर नेला, देणारे ‘तिचे वडील’ म्हणून एका ओळीत आटोपले, आणि ‘मौजे मजकूर’ जिथल्या तिथे राहू दिलं. जुन्या मसुद्यात वर हिंगणा होतं. नव्यात वडगाव येऊन बसलं. नोंदणीच्या दिवशी हजर असलेल्या प्रत्येकाला शेत माहीत होतं, म्हणून कागद कोणी वाचलाच नाही.

यात मैनाबाईचं काय होतं, ते सांगतो. ती सव्विसाव्या वर्षी दोन पोरी घेऊन विधवा झाली. सासरी जमीन नव्हती. भावाच्या दारात तिला हात पसरावा लागू नये, म्हणून नत्थुजींनी ही चार एकर तिच्या नावे केली. भाऊ रामराव काही वाईट माणूस नव्हता, पण “बयनीले जमीन कायले?” असं चारचौघांत बोलून दाखवायचा. त्यात नत्थुजींनी पटवाऱ्याकडची नोंद बदलली नव्हती. मी आहे तोवर माझ्याच नावे चालू दे, म्हणाले. म्हणजे त्यांच्यामागे मैनाबाईजवळ हा एक कागदच राहणार होता. आणि नत्थुजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मोतीबिंदू काढायला अमरावतीच्या दवाखान्यात पडलेले.

एवढं सगळं डोक्यात आलं, तरी मी पहिलं काय विचारलं? “अजून कोनाले सांगतलं तू?”

“कोनालेच नाई.”

खोटं कशाला बोलू? मनात आलं, की नत्थुजी सुखरूप घरी येतील, अजून दहा वर्षं जगतील, आणि पुढचं पुढे. देवमन वाट पाहत उभा होता. माझी पेटी आमच्या दोघांच्या मधे होती आणि तिच्यात त्याचा अर्ज होता. शेवटी मीच म्हणालो, “तुहा अर्ज माह्यापाशी हाय, म्हाईत हाय ना तुले?”

“हाय ना.”

“तरी आला तू?”

“अर्ज माहा हाय, भगवंतजी,” तो म्हणाला. “वावर मैनाबाईचं हाय.”

मला राग आला. कोणावर, ते नीट सांगता येणार नाही, पण देवमनवर नक्कीच नाही. मी कोरा कागद पुढे ओढला आणि दुरुस्तीपत्र लिहायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला गेलो. देवमनने दोन दिवस बिनपगारी रजा टाकली होती. गाडीत त्याने मसुदा चार वेळा वाचला, दर वेळी बोट वर नेऊन. मी खिडकीबाहेर पाहत बसलो. बावीस वर्षांत माझा कागद माझ्यासमोर कोणी तपासला नव्हता.

दवाखान्यात नत्थुजी उताणे झोपले होते, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. उशाशी मैनाबाई बसली होती. मला पाहून ती एकदम उभी राहिली. अर्जनवीस दवाखान्यात आला म्हणजे कोणालाही धसकाच बसायचा.

“काई नाई, बाई,” मी म्हणालो. “कागदात गावाचं नाव राहून गेलं होतं. तेवढं लिवून आनलं.”

“राहून गेलं म्हंजे?” तिचा आवाज बारीक झाला. “वावर माहं हाय ना, भाऊ?”

मी उगाच दौत शोधायला लागलो. देवमन म्हणाला, “वावर तुमचंच हाय. कागदाले ते बराबर सांगता आलं नाई. आता सांगन.”

“हा कोन बोलून राहिला?” नत्थुजींनी विचारलं.

“देवमन पुंजाजी तायडे. रजिस्ट्रीत नक्कल करतो.”

नत्थुजींनी मान वळवली. “पुंजाजी म्हंजे कोतवाल? दवंडीवाला?”

“हो जी. माहा बाप.”

“लय झ्याक दवंडी दे तुहा बाप. पयले कोनत्या गावच्या लोकायसाठी हाय ते सांगे, मंग खबर सांगे. बाकीचे दवंडीवाले अर्धी खबर झाल्यावर गाव सांगत, तोवर आमी घाबरून जावं.” ते पट्टीखालून हसले. “मंग तूच वाच. भगवंता, तू बस तिकडे.”

मी स्टुलावर बसलो. देवमन सावकाश वाचायला लागला. प्रत्येक ‘सदर’ला म्हातारा हात वर करी आणि विचारी, “म्हंजे कोन?” देवमन नाव सांगे आणि हात खाली येई. आंधळ्या माणसाने माझा कागद तपासावा आणि मी विद्यार्थ्यासारखं बसून राहावं, अशी ती वेळ होती. हिंगण्याचं नाव आता पहिल्या ओळीत होतं आणि शेताच्या ओळीतही होतं. ‘मौजे मजकूर’ कुठेच नव्हतं.

मग वाक्य आलं, ‘पूर्वीच्या दस्तात नजरचुकीने गावाचे नाव राहून गेल्याने’.

हात वर झाला. “नजरचूक कोनाची?”

देवमनने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

“कागदाची, बाप्पा,” देवमन म्हणाला.

“वा! पट्टी माह्या डोयाले अन् नजर चुकली कागदाची!” म्हातारा खुशीत हसला. मी हसलो नाही. शेजारच्या खाटांवरच्या रोग्यांचे दोन नातेवाईक साक्षीला उभे राहिले, मैनाबाईने बापाचा अंगठा धरून कागदावर टेकवला.

निघताना तिने देवमनला थांबवलं. “भाऊ, कोठी लिवलं ते दाखोन देजो मले.” त्याने ‘हिंगणा’ या शब्दाखाली बोट धरलं. तिला अक्षर येत नव्हतं. तिने तो शब्द बराच वेळ पाहिला, मग बोटाने ओळी मोजल्या. वरून पहिली आणि नववी. “ध्यानात ठेवतो,” म्हणाली.

नत्थुजी सुखरूप परत आले. महिन्याभराने काळा चष्मा लावून, बैलबंडीत बसून अकोल्याला आले, साहेबांपुढे उभं राहून कबुली दिली आणि दुरुस्तीपत्र नोंदलं गेलं. नक्कल देवमननेच केली. त्या दिवशी मी पेटीतून त्याचा अर्ज काढला आणि अभिप्राय लिहून त्याच्याच हाती दिला. त्याने तो वाचला आणि त्याचं बोट वर चढायला लागलं.

“काय झालं आता?”

“‘सदर इसम या कामास सर्वथैव लायक आहे’,” त्याने वाचलं. “हे पयलीच ओळ हाय. वर कोनीच नाई, भगवंतजी.”

मी शिवी हासडली, कागद फाडला आणि पुन्हा लिहिला. देवमन पुंजाजी तायडे, असं पूर्ण नाव लिहिलं. आमच्या ओळीत त्याला पूर्ण नावाने कोणी ओळखावं, याची सुरुवात त्या दिवशी माझ्यापासून झाली. चार वर्षं उशीरच झाला होता.

१९६२ साली परवाना आला आणि देवमन माझ्या शेजारी बसायला लागला. पहिल्या दिवशी एकाने आपलं डेस्क उचलून झाडाच्या पलीकडे नेलं. आठवड्याभरात ते परत आलं, कारण गिऱ्हाइकं देवमनभोवती जमायची आणि गर्दीतली चार शेजारच्या डेस्कांकडेही वळायची. लोक लांबून यायचे, परतवाड्याहूनसुद्धा, आणि विचारायचे, “ते बोटानं वाचनारे कोनते?” तो दस्त लिहून झाला की मोठ्याने वाचायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, “जेथी समजलं नाई, तेथी ‘कोन’ म्हनजो. लाजजो नको.” बायका सुरुवातीला लाजायच्या. पुढे बायकाच जास्त विचारायला लागल्या. त्याचा एक दस्त लिहायला माझ्या दोन दस्तांचा वेळ लागे. मी चिडवायचो, आणि त्याचा कागद तयार झाला की हळूच मागून वाचायचो.

नत्थुजी १९६३ च्या कार्तिकात गेले. तेरवी झाल्यावर चार दिवसांनी रामराव आला. वेळ भर बाजाराची, आवारात माणूस मावत नव्हता. त्याने खिशातून एक नक्कल काढून माझ्या डेस्कवर आपटली. तो १९५८ चा दस्त होता.

“हा तुमीच लिवला ना, भगवंतजी? वाचा बरं. कोनत्या गावचं वावर देल्लं माह्या बापानं?”

कोणीतरी शहाण्याने त्याचे कान भरले होते. ओळीतले टाक थांबले. “यानंतर एक दुरुस्तीपत्र झालं,” मी म्हणालो. “बुकात हाय. वावर हिंगण्याचंच.”

“दुरुस्ती?” रामराव ओरडला. “बुढ्याच्या डोयाले पट्टी असतानी अंगठा घेतला तो कागद? समजलं मले! बयनीनं केली हे लबाडी. पट्टी बांधेल मानसाकून काई बी लिवून घेतलं!”

कायद्याने मला पुढे काही बोलायची गरज नव्हती. नत्थुजींनी पट्टी सुटल्यावर साहेबांपुढे कबुली दिली होती, कागद पक्का होता. पण भर बाजारात मैनाबाई लबाड ठरत होती. हिंगण्यात हे उद्यापर्यंत घरोघरी झालं असतं, आणि शेत राहूनही बाईला त्या गावात राहणं कठीण झालं असतं. देवमनने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं, पण तो बोलणार नव्हता. बोटाने फक्त दाखवावे, हे त्याचंच वाक्य.

मी उभा राहिलो.

“रामराव, तुह्या बयनीनं काई केलं नाई. तुह्या बापानंही नाई. चूक माही हाय. म्या जुना मसुदा फिरवला, वडगाव वर नेलं, अन् ‘मौजे मजकूर’ तसंच राहू देल्लं. हे देवमननं पकडलं. त्यानं नसतं पकडलं त तुही बयीन गायरानात पऱ्हाटी पेरत बसली असती, माह्यापायी. लबाड म्हनाचं असन त मले म्हन.”

इतक्या वर्षांची माझी ऐट त्या धुळीत गेली, आणि खरं सांगतो, मला हलकं वाटलं. दवाखान्यातल्या खिडकीपासून जे छातीवर बसलं होतं, ते उतरलं.

देवमन ऑफिसात जाऊन दुरुस्तीपत्राची नक्कल घेऊन आला. रामरावला वाचता येत होतं. देवमनने कागद त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “तुमीच पाहा. वावराच्या ओळीवर बोट ठेवा.” रामरावने ठेवलं. तिथेच हिंगणा होतं. तरी त्याचं बोट वर गेलं, पहिल्या ओळीपर्यंत. तिथेही हिंगणाच होतं. मग शेवटी साहेबांची नोंद त्याने वाचली, नत्थुजींनी स्वतः हजर राहून कबूल केल्याची. ती त्याने दोनदा वाचली.

तो मटकन झाडाखाली बसला. बापाला जाऊन सतराच दिवस झाले होते.

“बयनीच्या वावराचं आता मी बोलत नाई,” तो म्हणाला. “मैनीले उद्या जाऊन सांगतो. मीच सांगतो.”

मला वाटलं, आता उठून जाईल. पण त्याने बैलबंडीतून आपली पिशवी आणली आणि तिच्यातून घड्या पडलेला दुसरा दस्त काढला. नाल्याकाठची सहा एकर, त्याची स्वतःची. कागद त्याने देवमनपुढे ठेवला आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“देवमनजी,” तो म्हणाला, “हाही भगवंतजीच्याच हातचा हाय. एवढा वाचून पाहा.”

देवमनला ‘जी’ म्हणणारा आमच्या आवारातला तो पहिला माणूस. देवमनने चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“घंटाभर लागन,” तो म्हणाला.

“बसतो,” रामराव म्हणाला.

मीही माझी दौत झाकली आणि ऐकायला बसलो.